मधलं नाव

भडगावच्या खाली गिरणा जिथे कोपर मोडून वळते
तिथल्या पांढरीवर आम्ही पावणेदोन महिने खणतोय.
काळीत पिकतं, पांढरीत सापडतं,
एवढं इथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

चौथ्या खड्ड्यात, कमरेइतक्या खोलीवर, मातीचा रंग बदलला.
राख. गोगलगायींचे शंख. बैलाचा जबडा.
काळ्या रेघांची लाल खापरं,
आणि कुळीथ, कालच कुणाच्या तव्यावर करपल्यासारखे.
ॲग्नेस गुडघ्यांवर बसली. मिडन, म्हणाली,
विहिरीला पाणी लागल्यावर म्हणावं तसं.

खाली टोपलं भरत होते माझे वडील,
हजेरीपटावर अकरावे.
"काय म्हनी ऱ्हायनी ती?"
कचऱ्याचा ढीग, मी म्हटलं. जुना.
त्यांनी चिमूटभर राख घेतली, हुंगली.
"मंग उकिरडा म्हन ना. हाई ते उकिरडा शे."

दुपारी बाभळीखाली कळण्याची भाकरी मोडताना
ॲग्नेसनं शब्दाची गाठ सोडली.
तिच्या आजोबांच्या आवारात, यॉर्कशायरात,
गोठ्याच्या दाराशी जे वाफाळत पडलेलं असायचं ते मिडन.
पुस्तकात शब्द फार उशिरा आला, हातपाय धुऊन.
त्याआधी उत्तरेच्या समुद्रावरून आला, होड्यांतून.
तिकडे त्याचे दोन तुकडे होते,
एक शेण, दुसरा ढीग.
आणि हा दुसरा तुकडा, ती म्हणाली,
एका खोलीचंही नाव होता:
अर्धी जमिनीत पुरलेली, उबेसाठी वरून शेण थापलेली,
बायका आत बसून हिवाळाभर विणायच्या.

मग तिनं विचारलं, आणि तुमचा शब्द?

मी शिकलेली, मला सांगता येत होतं.
उत् म्हणजे वर. पुढचा धातू फेकण्याचा, विखुरण्याचा.
वर वर टाकत साचला तो उकिरडा,
आणि उकरणं हा त्याचाच सख्खा भाऊ.
म्हणजे कोंबडी उकिरडा उकरते तेव्हा
शब्द स्वतःलाच चोच मारत असतो.
म्हणजे आपणही इथे...
ती हसली, वहीत लिहून घेतलं.

हे नाही सांगितलं, की धुरपताबाईची तीन पोरं
पाचवी पुजायच्या आत गेली.
म्हणून चौथं तिनं नाळेसकट नेऊन
गुरांच्या वाड्यामागे उकिरड्यावर ठेवलं.
मरणाला वाटावं, टाकलेलं दिसतंय,
यात काय न्यायचं.
शेजारणीनं उचललं, पायलीभर दादरला परत विकलं.
नाव ठेवलं उखर्डू.
ते पोर आता एकसष्ट वर्षांचं आहे
आणि बाभळीखाली बोटांचं तिखट चाटतंय.

शाळा सोडल्याच्या दाखल्यानंतर मी सगळीकडे
प्रमिला यू. कोळी.
होस्टेलात कुणी खोदून विचारलंच तर उत्तम. कधी उदय.
एका फॉर्मवर मी त्यांना उल्हास केलं होतं.
त्यांना अक्षर येत नाही.
त्यांनी अंगठा नेमका त्याच्याच खाली उमटवला
आणि शाई डोक्याच्या केसांना पुसली.

संध्याकाळी पिशव्यांना चिठ्ठ्या बांधायच्या असतात.
खड्डा चार. थर तीन. हाडं, राख, खापरं.
खणणाऱ्याचं नाव, अशी एक ओळ असते,
ती आम्ही मोकळीच सोडतो.
पेन उमटेना. झटकलं.
मग उमटलं.

ॲग्नेसनं चिठ्ठी उन्हाकडे धरून अडखळत वाचली,
उ-खर्-डू,
आणि माझ्याकडे पाहिलं. अर्थ?

वडील उपड्या टोपल्यावर बसले होते.
"तिले सांग," ते म्हणाले,
"दिवाईले आम्ही तठे दिवा लावतस."

मी सांगू लागले. माझ्या इंग्रजीत
दिव्यापर्यंत नीट पोचले, पुढे अडकले.
तोवर ते गुडघा धरून उठलेही,
खड्ड्यात वाकून बघत होते.
"सकाय जराखं डाव्या हातले खना.
राख तिकडे उतरी जायेल शे."