एकवीसशे दहाच्या आसपास

क्राकूफ, जानेवारी. कोळशाच्या धुरानं
विस्तुलेचा पलीकडचा काठ पुसून टाकलाय.
दोब्राव्हा चिमूटभर भुकटी दाबते,
तांबं आणि सिरियम, दोन ऑक्साइडांची मिसळण.
नखाएवढी चकती, उडदाच्या पापडाहून पातळ.
ही चौथी. आधीच्या तीन चिमट्यातच मोडल्या.

काचेची नळी म्हाताऱ्या गेरार्दनं फुंकलेली,
निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात;
सांध्यापाशी एक बुडबुडा राहून गेलाय,
त्याच्या श्वासाचा, असं ती मानते.

रात्रभर चारशे अंश, रात्रभर पंपाची घरघर.
पाणी जातं, हवा जाते,
जुनं चिकटलेलं बहुतेक सगळं जातं.
सकाळी पृष्ठभाग उपाशी.

मग कार्बन मोनॉक्साइड,
शिंकेहूनही कमी.
इथल्या भाषेत त्याला चाद म्हणतात.
बाथरूममधल्या गीझरमधून येतो,
वास नाही, रंग नाही,
आंघोळीला गेलेलं माणूस परत येत नाही.
स्तेफानिया मावशी.
टॉवेल खिळ्यालाच होता, कोरडा.

मोकळा असला की हा रेणू
एकवीसशे त्रेचाळीसवर थरथरतो.
तांब्यानं हात धरला की सूर उतरतो:
एकवीसशे दहा, थोडं इकडेतिकडे.
पडद्यावर शिखर उगवतं,
अणकुचीदार, एका अंगानं किंचित कललेलं.

ती पंप सुरू करते.
सैल धरलेले सुटून जातात.
शिखर खचतं, खचतं,
आणि एका उंचीवर हट्टानं थांबतं.

आता ऊब. साठ अंश. शंभर.
सिरियम पदरचा एक ऑक्सिजन उसना देतो
(परत कधी मिळेल, विचारत नाही)
आणि तेवीसशे पन्नासच्या दोन्ही बाजूंना
दोन उंचवटे. कार्बन डायऑक्साइड.

ती हरखत नाही.
तो तिचाच उच्छ्वास असू शकतो,
यंत्राच्या झाकणाखाली शिरलेला;
मागच्या हिवाळ्यात असंच फसली होती,
पूर्ण आठवडाभर स्वतःलाच मोजत बसली होती.

नायट्रोजन सोडते. दाराशी जाऊन
पाठ करून उभी राहते. वीस मिनिटं.
रिकाम्या वाटेचा आलेख पुन्हा घेते, वजा करते.

उंचवटे बुटके झाले. आहेत मात्र.

वहीत लिहिते: चकती चार, उरलं.
खाली तारीख, खाली एक खाडाखोड.

घरी, उणे अकरामध्ये,
बाथरूमची खिडकी बोटभर उघडी ठेवते, रोजच्यासारखी.
फोनवर आई विचारते, थंडी नाही वाजत?
वाजते, ती म्हणते.