तिसरा पक्ष

दारव्ह्यात झेरॉक्सच्या दुकानापुढं
बोबडे एजंटचं लोखंडी टेबल.
"गाडी कोन चालवनार, सिस्टर? साहेब?"
"साहेब नाई. मीच."
त्यानं चष्म्यावरून माह्याकडं पाह्यलं,
मंग शिकाऊ लायसनकडं,
मंग रस्त्यापल्याडच्या जुन्या अल्टोकडं.
मागच्या काचेवरचा लाल टेपचा एल
उन्हानं एका अंगानं सुटलेला.

"बाजूच्या सीटवर पक्क्या लायसनवाला पाह्यजे,
नाईतं क्लेमचं काही खरं नाई."
बाजूला शेषराव उईके हायेत ना,
एसटीत एकतीस वर्षं.
मी गिअर टाकला का
त्यायचा उजवा पाय
तिथं नसलेला ब्रेक दाबते.

"पह्यला पक्ष तुमी, दुसरी कंपनी."
अन तिसरा?
बोबडेनं शिक्का फुकून घेतला.
"तो कोनीबी. आधी थोडीच मालूम पडते."

जो मालूमच नाई त्याच्यासाठी
पगारातून मोजून देले.
पावती ठेवली उपकेंद्राच्या चाव्यांपाशी.

लाडखेडच्या वळनावर
तुरीच्या धसकटातून एक पोट्टं
टायर पिटाळत मधातच आलं.
कचकन दाबला. या वेळी दोघांनीबी.

गाडी बंद. चावी फिरवली, नुसती खरखर.
पुन्हा खरखर.
टायर कडुलिंबाले टेकवून
पोट्टं काचेशी आलं.
"ढकलू काय, मावशी?"

आरशात दिसला त्याचा धुळीचा तळवा,
सुटलेला एल
दाबून बसवनारा.
"क्लच," शेषराव म्हनाले. "क्लच दाबा अगुदर."