पाटीची मागची बाजू

मार्चमध्ये नवा नकाशा आला
आणि आमचं गाव जागचं न हलता
तिनातून चारात गेलं.
नॉर्थ डकोटातली माणसं, फारशी बोलत नाहीत,
पण त्या दिवशी पोस्टात दोघांनी हात मिळवले,
जणू सगळ्यांनाच बढती मिळाली.

थोरा स्केल्दालच्या रोपवाटिकेत माझं काम एवढंच :
'धाडस' लिहिलेल्या टेबलावरून
चार आकड्याची रोपं उचलायची
आणि 'भरवशाची' लिहिलेल्या टेबलावर नेऊन ठेवायची.
पाच-सहा उचलून झाली असतील.
थोरा म्हणाली, थांब.

मागच्या शेडमध्ये नेलं.
भिंतीवर खिळे, खिळ्यांना पाट्या,
गेलेल्या झाडांच्या. चाळीस वर्षांच्या.
तिचं अक्षर, पेन्सिलीचं :
चेरी, जानेवारी, वारा.
मॅग्नोलिया, बर्फच पडलं नाही, मुळं उघडी.
पेअर, ससे. (हा आकड्याचा दोष नाही, ती म्हणाली.)

"तीस हिवाळ्यांतली
प्रत्येकाची सगळ्यात वाईट रात्र घेतात,
बेरीज करतात, तिसानं भागतात.
जी रात्र निघते ना,
ती कुणाच्याच दारात कधी आलेली नसते.
माझी चेरी सरासरीनं नाही मेली,
एका मंगळवारी मेली."

मग नकाशा खोटा का, मी विचारलं.
"खोटा कशाला?
विचारलं तेवढंच सांगतो बिचारा.
थंडी किती, हे सांगतो.
वारा, चिखल, मे महिना,
हे त्याला कुणी विचारलेलंच नाही."

दुपारी अँब्रोज शान आला,
टोपीवर ट्रॅक्टरची धूळ,
जर्दाळू हवा म्हणाला. चौथ्यांदा.
त्याचे पणजोबा काळ्या समुद्राकाठचे.
तिथल्या जर्दाळूंची चव
त्या घरात चार पिढ्या
नुसती सांगण्यावर टिकलीय.

"आता तर आपण चारात," तो म्हणाला.
थोरानं पाटी त्याच्यापुढे धरली :
जर्दाळू, चार.
मग भिंतीवरच्या तीन पाट्यांकडे
बघितलंही नाही दोघांनी.
त्या कुणाच्या, ते मला नंतर कळलं.

"उत्तरेच्या भिंतीशी लाव."
"उत्तरेच्या? ऊन नको?"
"ऊन लागलं की एप्रिलमध्येच फुलतो वेडा,
आणि मग रात्र येते.
जरा उशिरा उठू दे त्याला."

पाटी उलटी करून तिनं लिहिलं.
तो पैसे मोजत होता, म्हणून मी वाचलं :
बुंध्याला पांढरा रंग.
बर्फ झाडू नकोस, मुळांवर ओढ.
तिसऱ्या मेपर्यंत कुणाला सांगू नकोस.

तो गेल्यावर मी विचारलं,
बाकीची रोपं कुठल्या टेबलावर ठेवू?
तिनं एक नवा खिळा शोधला,
हातोडीही घेतली,
आणि मग दोन्ही परत ड्रॉवरमध्ये ठेवून
म्हणाली, राहू दे, जेवून ये.