एक दगड कमी

झिबल दिघोरे डोंगा हाकतो
आणि मध्येच, दोन्ही काठ सारखेच लांब असताना,
वल्हं वर धरतो.
थेंब पाण्यात परत पडतात,
डोंगा आपला आपण सरकतो.
मला वाटलं, दमला.
सत्तरीचा माणूस,
त्यात माझी पेटी, टेप, लाल-पांढरी काठी.

बेट म्हणजे टेकडीचं डोकं.
धरण भरलं तेव्हा एवढंच वर उरलं:
भराटीची झुडपं, दोन पळस
आणि काळ्या दगडांचं रिंगण.
गुडघ्याएवढे, कमरेएवढे, एक छातीला लागणारा,
लोखंड नवं होतं तेव्हा
कुणीतरी ढकलत आणून बसवलेले.

मी टेपचं एक टोक धरते, तो दुसरं.
अकरा मीटर चाळीस.
टिटवी डोक्यावर ओरडत फिरते.
तिची अंडी सातव्या-आठव्या दगडांमध्ये,
खड्यांसारखे खडे,
माझ्या बुटाखाली येता येता वाचली.

दगडांवर खळगे आहेत, ओळीनं,
बोटाचं पेर बुडेल इतके.
मी कागद ठेवून पेन्सिल घासते.
"पोरपणी आमी यात चिचोके ठेवो.
ज्याचा रातभर राह्यला, थो जिकला."
कुणाशी खेळायचात?
"खालच्याइशी," म्हणतो, आणि हसत नाही.

पूर्वेला दात पडल्यासारखी फट.
वहीत लिहिते: एक दगड गहाळ.
त्याला वाचता येत नाही,
पण पेन कुठं अडलं ते कळतं.
"थो आमच्या बुढ्यानं नेला जी.
चार बैलं, अख्खी सकाळ.
उंबऱ्याखाली लावला."
आणि घर?
हनुवटीनं पाणी दाखवतो.
"मेलेल्याइचं वर राह्यलं. आमचं खाली."
मग फडकं सोडतो,
भाकरीवर लाखोळीची भाजी,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवतो.

माझ्या तक्त्यात 'सद्यस्थिती' नावाचा
एक अरुंद रकाना आहे.
तो तसाच राहिला.

ऊन कललं तसे निघालो.
टिटवी काठापर्यंत सोडायला आली, शिव्या देत.
वाऱ्यानं पाण्यावर खवले उठले होते.
मघाचीच जागा असावी, मला ओळखू येईना,
त्यानं वल्हं वर धरलं.

मी वाकून पाहिलं.
हिरवं पाणी, त्याखाली आणखी हिरवं.
काहीच दिसलं नाही,
तरी उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणून
डोंग्याच्या फळीवरून
मी दोन्ही पाय जरा उचलून घेतले.