दुसरी बाजू

कोत्काच्या वाचनालयात, संगीत विभागाच्या मागच्या खोलीत
आम्ही नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी जमतो.
पूर्वी नऊ जण होतो. आता पाच, आणि एक काठी.
कॉफी राइली आणते, वेलचीचा पाव मी.
बंदरावर चारच्या आतच अंधार पडलेला असतो.

बँडमधला आउलिस सगळ्यांना माहीत आहे:
बावीस मिनिटांची गाणी, धुराची यंत्रं, पायघोळ झगे,
आणि तो मागे, ऑर्गनच्या आड,
जणू कुणाचं तरी सामान राखत बसलेला.
त्याच्यासाठी आम्ही जमत नाही.
जमतो त्या एका तबकडीसाठी,
जी त्याने बँड सोडल्यावर एकट्याने केली,
आईच्या मासळी खारवायच्या खोपटात, एका हिवाळ्यात.
पाचशे प्रती. तीनशे दहा परत आल्या.
पेपरात लिहून आलं होतं, "सवडीने ऐकावी."
मग तो बर्फफोड्या जहाजावर आचारी झाला
आणि तबकडीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

पहिली बाजू, खरं सांगायचं तर, जरा लांबते.
वेइक्कोला हे मान्य नाही.
गोदीत क्रेन चालवताना तो साताच्या हिशेबाने खोके उतरवायचा,
आणि म्हणतो, एकही कधी आपटला नाही.
सात, सात, मग अचानक पाच:
अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि जमीनच लागावी, तसं.
तिथे आम्ही अजूनही दचकतो.
दचकायचं ठरवूनच आलेलो असतो.

पण दुसरी बाजू.
चौदाव्या मिनिटाला तो थांबतो.
ऑर्गन, घंटा, सगळं.
अकरा मात्रा काहीच वाजत नाही.

ही जागा आम्ही पाच वेळा ऐकतो, पाच प्रतींवर,
कारण प्रत्येकाच्या शांततेत काहीतरी पडलेलं आहे.
राइलीच्या तिसऱ्या मात्रेवर टक्क:
घटस्फोटानंतर घर बदललं तेव्हाचं.
वेइक्कोच्या सातवीवर लांब ओरखडा, मुलीचं नख,
ती तेव्हा दोन वर्षांची, आता ऑस्ट्रेलियात.
माझ्यात नुसती खरखर, तव्यावर मीठ टाकल्यासारखी.
एका वर्षी मी ती रोज वाजवली.
का, ते इथे कुणी विचारलं नाही.
म्हणून मी येते.

यंदा एमेली आला, तेवीस वर्षांचा, कानात बाळी,
बगलेत नवी आवृत्ती,
मूळ फितीवरून धुऊनपुसून काढलेली.
"हिच्यात डाग नाहीत," म्हणाला, चाचरत,
न सांगता दुसऱ्याच्या घरची भांडी
घासून ठेवलेल्या पाहुण्यासारखा.

सात, सात, पाच. दचकलो.
बाजू उलटली.
मग ती जागा आली.
एक, दोन. तीन रिकामी गेली,
राइलीने सवयीने मान हलवली.
सात. आठ.
दहाव्या मात्रेवर
त्याने श्वास घेतला.

नाकातून, घाईचा, सर्दी झालेल्या माणसाचा,
पुन्हा वाजवण्याआधीचा.
सत्तेचाळीस वर्षं तो तिथेच होता,
आमच्या धुळीखाली.

ऑर्गन परत आला तरी कुणी हललं नाही.
एमेलीला वाटलं, आपलं काही चुकलं.
"काय झालं?" वेइक्कोने विचारलं, नको इतक्या मोठ्याने.
त्याची श्रवणयंत्रं मीच दुरुस्त करते,
जन्मभर तेच काम केलं,
आणि मला ठाऊक आहे, इतकं बारीक त्यांच्यात येत नाही.
तो हल्ली तळहाताने ऐकतो, स्पीकरच्या लाकडावर.

राइलीने तो हात उचलला, नाकाशी धरला,
त्याच्या बोटांवर आपल्या बोटाने ठोकत
नऊपर्यंत आली,
आणि हवा आत ओढली.

वेइक्को बराच वेळ हाताकडे बघत राहिला.
"अर्धी मात्रा उशीर केला त्याने," म्हणाला.
मग खुर्ची पुढे सरकवून,
"आता माझी लावा. नखाची."