खूणगाठ

दूतावासाचा ईमेल दुपारी आला:
खिडक्यांपासून लांब राहा,
तीन दिवसांचं पाणी भरून ठेवा,
स्थानिक अधिकाऱ्यांच्या सूचना पाळा.

इथे स्थानिक अधिकारी म्हणजे मानाय इलुमिनादा,
माझी घरमालकीण,
वय एकाहत्तर, उजव्या गुडघ्याला पट्टा.
तिच्या सूचना पहाटेच सुरू झाल्या होत्या.

मी दोराचा माणूस.
या बेटावरच्या आबाकाचा धागा
किती किलोला तुटतो
ते यंत्रावर ताणून वहीत मांडायला
कंपनीने मला इथे पाठवलेलं.
आठ महिने मी दोर तोडत होतो.
आज पहिल्यांदाच बांधत होतो,
पत्र्याच्या छपरावर पालथा पडून,
आणि खालून ती ओरडत होती:
ती गाठ नव्हे, वेणीची रिबीन आहे. सोड. पुन्हा मार.
नारळाला नको बांधूस, नारळ स्वतःच जाईल.
खाली घे, टाकीच्या सिमेंटला.

मग म्हणाली, आता डुकराला मोकळं कर.
घर बांधायचं, जनावर सोडायचं.
दावणीचं जनावर उभ्या जागी बुडतं.
डुकरीण दारातच घुटमळली,
तिला हाकलताना मानाय तिच्याशी
आमच्यापेक्षा बरंच गोड बोलली.

संध्याकाळी रिक्षावरचा भोंगा
तीन नंबरचा चार नंबर करून गेला.
पासपोर्ट बिस्किटांच्या डब्यात,
डबा तांदळाच्या पिंपात.
नातवाने, जुनेलने, दप्तरातून
काळं मार्कर काढलं.
तिनं त्याच्या दंडावर लिहिलं, स्वतःच्या लिहिलं,
मग माझा हात ओढला.
यज्ञेश, मी म्हणालो.
तिनं दोनदा विचारलं,
आणि नुसतंच 'यादो' लिहिलं.
पुढे, ठळक अक्षरांत: तायामोरा.

हे माझं आडनाव नाही, मानाय.
ठाऊक आहे मला.
पण तुझं आडनाव
इथे कुणाच्याच दाराशी पोचत नाही.

रात्री आम्ही तिघं न्हाणीघरात,
घरातल्या एकुलत्या एका स्लॅबखाली.
वाऱ्याला आवाज म्हणणं चूक ठरेल,
तो छातीवर गुडघा देऊन बसला होता.
जुनेल पाढे म्हणत होता, नऊच्या पुढे अडकत होता,
आणि वर कुठेतरी
माझ्या वहीतला आकडा
किलोकिलोने चढत होता.

दीड वाजता सगळं थांबलं.
इतकं, की नळाचा थेंब ऐकू आला.
फटीतून एक चांदणी दिसली, शप्पथ.
माझा हात कडीवर गेला,
तिनं कॉलर धरून मला खाली बसवलं.
गेला नाही तो.
श्वास घेतोय.
आता पलीकडून येईल.

आला.
पलीकडूनच आला.

सकाळी स्वयंपाकघर नव्हतं.
चूल होती, तिच्यावर आकाश.
बाकीचं छप्पर जागच्या जागी,
दोराचे तीन पदर उसवून लोंबत होते,
यंत्रावर मी त्याला नापास केला असता.
मानायनं गाठीला हात लावून पाहिला.
ठीक आहे, म्हणाली.
आठ महिन्यांत मला मिळालेलं
तेवढंच प्रशस्तिपत्र.

डुकरीण तिसऱ्या दिवशी आली,
मागच्या अंगानं, चिखलानं माखून,
जशी काही भाजी आणायला गेली होती.

चौथ्या दिवशी चर्चच्या जनरेटरवर
फोन जिवंत झाला.
दूतावास विचारत होता: सुखरूप आहात का?
होय, लिहिलं.
त्याखाली रकाना: पूर्ण नाव.
दंडावरची शाई फिकटली होती,
साबणानं अजून गेली नव्हती.
मी बराच वेळ तशीच ठेवली बोटं अक्षरांवर.
रकाना लहान होता.