मुलाखत

फॉर्मच्या सातव्या पानावर
एक चौकोन होय म्हणतो, एक नाही म्हणतो.
मधल्या जागेत माझं बोट.

श्रेया फोनवर: बाबा, नाही वर टिक करा.
सत्तावीस वर्षं झाली. तिथलं इथं कोण बघतंय?
तिथं म्हणजे कणकुंबीचा नाका.
इथं म्हणजे आयर्लंड,
जिथं म्हणे दुपारी चारलाच दिवा लावतात
आणि तिला आठवा लागलाय.

मी पिकअप चालवायचो.
वर फणस, खाली खोकी.
चोर्ल्याच्या पलीकडं जी बाटली फळीवर मांडून विकतात
तीच चार वळणं अलीकडं आली की मुद्देमाल.
बाटली तीच, बूच तेच,
मीही तोच, सुर्ल्याला चहा पिऊन निघालेला.
मधी काय होतं म्हणाल तर
दोन डांबरांचा सांधा.
चाक जरासं उडायचं.

हिंडलग्यात सदुसष्ट दिवस.
पहिल्याच दिवशी दहाही बोटं शाईत,
मग कागदावर एकेक गोल फिरवून.
जमादार खूश झाला. झकास उमटलीत बघ, म्हणाला.
सरकारकडून मिळालेली
तेवढीच एक शाबासकी.

त्यानंतर उद्यमबाग. फौंड्रीत तेवीस वर्षं.
काळी वाळू चाळायची, ठोकायची, साचा उचलायचा.
पासपोर्टच्या वेळी हेड पोस्टात काचेवर हात ठेवला,
मशीन म्हणालं पुन्हा.
पुन्हा.
काउंटरवरच्या पोरीनं ओला कागद दिला पुसायला,
मग माझा पंजा उलटा धरून बघितला, भविष्य बघतात तसा:
काका, तुमच्या बोटांवर कायच नाही की हो.

नाही म्हणजे, हाय की.
हिंडलग्याच्या कपाटात, सव्वीस वर्षांच्या पोराची,
गोल, काळी, झकास.

स्टेशनात नवा पोरगा होता, कॉम्प्युटरवर.
केस ऐत्री, काका, म्हणाला.
हळू म्हणाला, मागं माणसं होती म्हणून.
मी त्याला आशीर्वाद दिल्यासारखी मान हलवली.

निकालाची नक्कल कन्नडात.
ती इंग्रजीत करायला कोर्टासमोर सिद्राय नोटरी.
मी मराठीत सांगतो, तो कन्नडात वाचतो,
त्याची बायको इंग्रजीत टाइप करते,
मधे मधे लाइट जाते.
एका शब्दाला कुणीच कुणाला अर्थ विचारला नाही.
अपराध.
इकडंही अपराध, तिकडंही अपराध.
एवढ्या बोर्डांना काळं फासून झालं दोन्हीकडून,
हा एक शब्द कुणी वाटून मागितला नाही.

सिद्राय म्हणाला, टिक होय वर केलीस
तर मुलाखतीला बोलावतील बघ.

मुलाखत.

मालन दर गुरुवारी यायची, दोन बस बदलून.
दारातल्या वहीत लिहायला लागायचं
कोण, कुणाला, नातं काय.
श्रेया आठ महिन्यांची. तिचंही नाव लिहून घ्यायचे,
नातं: मुलगी,
आणि पोरीचा अंगठा म्हणून मालनचाच.
पंख्याच्या आवाजात कुणाचं काय ऐकू यायचं नाही.
एकदा मालननं तिचं बोट जाळीला लावलं.
इतकं बारीक होतं
की भोकातनं सरळ अलीकडं आलं.
मी धरलं.
शिपाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला
बराच वेळ, जणू त्याला सुट्टी शोधायची होती.

आता मालन नाही. ते बोट कुणाला सांगू.
श्रेयाला ठाऊक नाही,
ती म्हणते मला काय आठवत नाही तेवढं लहानपणीचं.
फोन चालूच आहे. बाबा, ऐकताय ना?
नाही वर करा. एक टिक तर आहे.

ऐकतोय गं.
पण नाही म्हटलं
तर तो गुरुवारपण खोडायला लागेल.

होय वर केली.
पेन जरा जास्तच दाबला गेला.
पान उलटलं तर आठव्यावरही उमटलेली,
बिनशाईची, बोट फिरवलं तर लागते,
जिथं छापलंय
भेटीचं कारण.